पुन्हा रुजू होताना: आधीच्या दहा आठवड्यांची तयारी

नोकरी परत धरतेय म्हटल्यावर मला शेजारणीपासून मामेसासऱ्यांपर्यंत सगळ्यांनी एकच प्रश्न विचारला, "मग मुलांना कोण बघणार?" माझ्या नवऱ्याला त्याच्या इतक्या वर्षांच्या नोकरीत हा प्रश्न एकदाही कुणी विचारलेला नाही. ते एक असो. पण मला तो प्रश्न मुळातच अर्धवट वाटतो. मुलांना रोज कोण बघणार, याची सोय कशीबशी लागतेच. घडी विस्कटते ती एखाद्या मंगळवारी सकाळी पावणेसातला. मूल तापाने फणफणलेलं असतं, ताप असलेलं मूल पाळणाघरात घेत नाहीत, आणि नेमकी त्याच दिवशी दोघांनाही दांडी मारता येण्यासारखी नसते. त्या मंगळवारी घरी कोण थांबणार, हे रुजू होण्याआधी ठरलेलं असायला हवं. खाली जे काही सांगणार आहे ते सगळं फिरून फिरून याच मंगळवारपाशी येतं.

मी दोनदा परतले आहे. पहिल्यांदा २०१२ मध्ये, मोठ्या मुलाच्या बाळंतपणानंतर. तेव्हा कायद्याने बाळंतपणाची भरपगारी रजा बारा आठवडेच होती. दुसऱ्यांदा धाकटीच्या वेळी तेच बारा आठवडे संपत आले, ते मला पुरेनात, म्हणून जानेवारी २०१७ मध्ये राजीनामा दिला. १ एप्रिल २०१७ पासून रजा सव्वीस आठवड्यांची झाली. तीन महिन्यांनी हुकलं! पुढे जून २०१९ मध्ये, अडीच वर्षांच्या खंडानंतर, नव्या ठिकाणी लागले. घर डोंबिवलीत, ऑफिस ठाण्यात, काम हिशेबाचं. त्यामुळे रजेवरून परतणाऱ्या आणि खंड पडलेल्या, अशा दोघींच्या अडचणी मला ठाऊक आहेत. दोन्हींसाठी मी तयारीचे दहा आठवडे धरते. रजेवर असाल तर रुजू होण्याची तारीख माहीतच असते, तिथून मागे मोजा. नोकरी शोधत असाल तर पहिला अर्ज धाडाल त्या दिवसापासून मोजा. नोकरी मिळाल्यावर मुलाची सोय बघू म्हणणाऱ्या बाईला "सोमवारपासून या" असा फोन येतो आणि तिची तारांबळ उडते.

दहावा आठवडा: वही घेऊन बसा

घरात बोलणी करण्याआधी आकडे मांडा, म्हणजे बोलणी भावनेवर घसरत नाहीत. उदाहरणापुरते आकडे घेते, तुमच्या गावाचे वेगळे असतील. हातात येणारा पगार ३२,०००. पाळणाघर ६,०००, पोळ्यांच्या मावशी २,५००, प्रवास आणि सटरफटर २,०००. उरले २१,५००. इथे हमखास कुणीतरी म्हणतं, "एवढ्यासाठी मुलाची आबाळ कशाला?"

या हिशेबात एक खोट आहे. पाळणाघराचा खर्च आईच्या पगारातून का वजा करायचा? मूल दोघांचं आहे, बाबाही त्याच वेळात कामावर आहे. तो खर्च घराच्या एकूण मिळकतीतून वजा करा, मग चित्र बदलतं. शिवाय हातात न येणारे पैसेही धरा. पीएफमध्ये मालकाचा हिस्सा जमा होत असतो. पेन्शनसाठी दहा वर्षांची सेवा लागते, आणि जुने पैसे काढून घेतले नसतील तर आधीची वर्षं त्यात मिळवली जातात. काढून घेतले, की ती वर्षं गेली. मी तेच केलं होतं, चाळीस हजारांच्या फ्रिज-वॉशिंग मशीनपायी.

आणि हो, उलट उत्तरही येऊ शकतं. प्रवासच दोन्ही बाजूंचा मिळून चार तास असेल, पगार तुटपुंजा असेल, तर वर्षभर थांबून घराजवळचं काम बघणं शहाणपणाचं ठरेल. वही तेही सांगते. एसटीने जाणाऱ्यांनी भाडं निम्मं धरावं. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना पन्नास टक्के सवलत आहे, आणि रोज साताऱ्याहून कराडला जाणाऱ्या बाईसाठी महिन्याला तो आकडा लहान नसतो.

नववा आठवडा: कागदपत्रं

रजेवर असलेल्यांनी आपल्याला काय मिळायला हवं ते आधी समजून घ्यावं. १९६१ चा मातृत्व लाभ कायदा, त्यात २०१७ ची मोठी दुरुस्ती, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून हाच विषय सामाजिक सुरक्षा संहितेत गेला, असा त्याचा प्रवास. गाभा तोच राहिला आहे. अपेक्षित तारखेच्या आधीच्या बारा महिन्यांत किमान ऐंशी दिवस काम झालेलं हवं. पहिल्या दोन मुलांसाठी सव्वीस आठवडे भरपगारी रजा, त्यातले जास्तीत जास्त आठ बाळंतपणाआधी घेता येतात. दोन मुलं असताना तिसऱ्या वेळी बारा आठवडे. मूल पंधरा महिन्यांचं होईपर्यंत रोज दोन वेळा बाळाला पाजण्यासाठी सुट्टी, आणि ती जेवणाच्या सुट्टीव्यतिरिक्त. पन्नास किंवा अधिक माणसं असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय, तिथे दिवसातून चार वेळा जाण्याची मुभा. कामाचं स्वरूप तसं असेल आणि दोघांची संमती असेल तर रजेनंतर काही काळ घरून काम. या रजेवर असताना कामावरून काढणं बेकायदेशीर आहे. पगार महिना २१,००० पर्यंत असेल आणि ईएसआयमध्ये, म्हणजे कर्मचारी राज्य विम्यात, नोंद असेल तर रजेचे पैसे मालकाऐवजी तिथून येतात.

यातलं फारसं काही आपणहून कुणी सांगत नाही. माझ्या पहिल्या ऑफिसात पाजण्याच्या सुट्टीचं मला सातव्या महिन्यात कळलं, तेही युनियनमधल्या एका काकांकडून. म्हणून रुजू होण्याच्या महिनाभर आधी एचआरला चार ओळींचा मेल टाका. फोनवर बोलू नका, लेखी असू द्या. असा:

"माझी प्रसूती रजा अमुक तारखेला संपत असून मी अमुक तारखेला रुजू होत आहे. माझं बाळ सात महिन्यांचं आहे. त्यामुळे नियमाप्रमाणे सकाळी ११ आणि दुपारी ४ वाजता प्रत्येकी वीस मिनिटांची सुट्टी मला लागेल. दूध काढण्यासाठी आतून कडी लागणारी खोली आणि ठेवण्यासाठी फ्रिजमध्ये जागा हवी आहे. पहिल्या महिन्यात माझ्याकडे कोणती कामं असतील हे कळवल्यास तयारी करून येता येईल."

विनवणीचा सूर नको, तक्रारीचाही नको. वेळ नेमकी लिहिली की समोरच्याला "बघू" म्हणता येत नाही. कामाचे तास रात्रीवर जाणार असतील तर तेही आताच विचारा. महाराष्ट्रातल्या दुकानं-आस्थापनांच्या २०१७ च्या कायद्यात रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत बाईला तिच्या संमतीशिवाय कामाला बोलावता येत नाही.

खंड पडलेल्यांचं दुखणं वेगळं असतं, आणि ते आपल्याकडचं खास आहे: नाव. लग्नात आपलं आडनाव बदलतं, मधलं नाव वडिलांचं जाऊन नवऱ्याचं येतं, काहींचं पहिलं नावही बदलतं. पदवीवर एक बाई, पॅनवर दुसरी, आधारवर तिसरी. पीएफचा क्रमांक, म्हणजे यूएएन, जन्मभर एकच असतो. नव्या ठिकाणी जुनाच द्या, नवीन काढू देऊ नका. पण त्याच्यावरचं नाव आधारशी जुळलं नाही तर सगळं अडतं. नावबदलाची राजपत्रातली नोंद, लग्नाचा दाखला, जुन्या नोकरीचं अनुभवपत्र, शेवटचा फॉर्म १६ (पगारातून कर कापल्याचा दाखला), हे सगळं एका फायलीत लावा आणि दुरुस्त्यांचे अर्ज आताच टाका. त्यांना आठवडे लागतात. डॉक्टर असाल तर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या नोंदणीचं दर पाच वर्षांनी नूतनीकरण लागतं, ते तपासा. राज्य सरकारी भरतीकडे डोळे असतील तर खुल्या गटाला साधारणपणे अडतीस आणि मागास प्रवर्गाला त्रेचाळीस ही वयोमर्यादा आहे. मुलं मोठी होऊ देत म्हणता म्हणता ती उलटून गेलेल्या दोन मैत्रिणी माझ्या आहेत.

आठव्यापासून पाचव्यापर्यंत: मुलाची सोय

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. साधारण तीन वाटा असतात: आजी, घरी येणाऱ्या मावशी, पाळणाघर.

आजीची वाट सर्वांत जिव्हाळ्याची आणि म्हणूनच सर्वांत अवघड. सासूबाईंनी "अगं मी आहे ना" म्हटलं, की आपण सुटकेचा निःश्वास सोडतो. पण रांगणाऱ्या मुलामागे दहा तास धावणं हे पासष्टीच्या गुडघ्यांचं काम नव्हे. विचारायचं असेल तर असं विचारा, "आई, दिवसातले किती तास तुम्हाला जमेल? भजनीमंडळाचा वार कोणता?" मग उरलेल्या तासांची सोय आपण करायची. वरकामाला बाई लावायची, वर्षातून दोनदा त्यांना त्यांच्या बहिणीकडे नाहीतर देवदर्शनाला जाता येईल अशी सुट्टी ठरवून द्यायची. आणि आजी सांभाळतेय म्हटल्यावर आजीच्या पद्धतीने मूल वाढणार हे धरून चाला. टाळूवर तेल किती घालायचं यावर ऑफिसातून फोन करून वाद घालण्यात अर्थ नाही. हट्ट फक्त जिवाशी गाठ असलेल्या गोष्टींवर धरावा. वर्षाच्या आत मध चाटवायचा नाही, ही माझी एक गोष्ट होती. डॉक्टरांच्या तोंडून ती सांगवली, म्हणजे मी वाईट झाले नाही.

घरी येणाऱ्या मावशी ठेवणार असाल तर घरात कुणीतरी मोठं माणूस असलेलं बरं. आधारची प्रत, पोलिसांकडे नोंद, आधीच्या दोन घरी चौकशी, एवढं तरी कराच. त्यांनाही आठवड्याची सुट्टी आणि दिवाळीला बोनस पहिल्या दिवशी बोलून ठेवा.

आता पाळणाघर. डोंबिवली, ठाणे, पुणे इथे गल्लोगल्ली कुणा काकूंचं पाळणाघर असतं, आणि त्यातल्या चांगल्या काकू म्हणजे खरोखर नशीब. पण ते पारखून घ्यावं लागतं. दुपारी चारला सगळ्यांना बोलावून दाखवतात, तेव्हा सगळं छानच असतं. तुम्ही दोन वेळा न सांगता जा: दुपारी दीडला, जेवणं उरकून मुलं झोपायला काढतात तेव्हा, आणि संध्याकाळी साडेसहाला, काकू दमलेल्या असतात तेव्हा. दीड वाजता कुणी रडत असेल तर त्याला कोण घेतं, बघा. टीव्ही किती वेळ चालतो ते मोठ्या मुलांना विचारा, ती खरं सांगतात. मुलं किती आणि सांभाळणारे हात किती, खिडकीला गज आहेत का, गॅस आणि कडीचं दार मुलांच्या हाताला लागतं का, संडासाची फरशी ओली असते का, दाराला आतून कडी असते की दार सताड उघडं.

मग काकूंपुढे बसून नियम विचारा. न आल्या दिवसांचे पैसे कापतात का? गणपतीत आणि दिवाळीत किती दिवस बंद? लोकल खोळंबली आणि साडेसातच्या जागी साडेआठ झाले तर? औषध देता का, आणि दिलंत तर लिहून ठेवता का? मूल न्यायला कोण कोण येऊ शकेल, त्यांची नावं आणि फोटो आम्ही देऊ का? शेवटचा प्रश्न तो मंगळवारचा: "काकू, ताप किती असला तर घेत नाही?" जी बाई म्हणते "काही नाही हो, आणा तसंच", तिथे मी मूल ठेवलं नाही. आज तापलेलं दुसऱ्याचं मूल घेणारी, उद्या आपल्या मुलाला ताप लावणार.

जागा ठरली की मुलाला रुळवायला दोन आठवडे द्या. पहिले दोन दिवस तासभर, तुम्ही तिथेच. मग तासभर तुमच्याविना. मग दुपारच्या जेवणापर्यंत, मग झोपेसकट. सोबत घरचं वापरातलं पांघरूण द्या, धुतलेलं नको, घरच्या वासाचं. आणि मूल खेळात रमलं की मागच्या दाराने सटकू नका. त्या वेळी सुटल्यासारखं वाटतं, पण मग मूल दिवसभर दाराकडे बघत राहतं. "आई ऑफिसला जातेय, खाऊ खाल्ल्यानंतर येणार" एवढं सांगून, रडू आलं तरी रडू देऊन निघा. काकूंना पंधरा मिनिटांनी फोन करा. बहुतेक वेळा रडणं तोवर थांबलेलं असतं, आपलंच चालू असतं.

चौथा आठवडा: दूध

ज्यांचं बाळ वर्षाच्या आतलं आहे त्यांच्यासाठी हे. बाकीच्यांनी पुढे जावं.

पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, नंतर वरच्या खाण्याबरोबर दोन वर्षांपर्यंत आणि पुढेही, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. नोकरी धरली म्हणून तो मोडावा लागत नाही, फक्त सराव लागतो. रुजू होण्याआधी तीन-चार आठवडे दिवसातून एकदा दूध काढायला लागा, सकाळची वेळ सगळ्यात बरी. पहिल्या दिवशी तळाला चार चमचे जमतील. घाबरू नका, चार-पाच दिवसांत वाढतं. हाताने काढता येतं, पंपाने काढता येतं. महागडा पंप आधी मैत्रिणीकडे बघून मगच घ्या, भांडी मात्र उकळून घेतलेली हवीत.

ठेवण्याचे नियम पाठ करा. ताजं काढलेलं दूध २५ अंशांपर्यंतच्या खोलीत चार तास टिकतं. आपल्याकडे एप्रिल-मेच्या उकाड्यात तेवढ्यावरही भरवसा नको, लगेच फ्रिजमध्ये. फ्रिजमध्ये चार दिवस, दारात न ठेवता आत मागे. फ्रीझरमध्ये सहा महिन्यांपर्यंत. बर्फाच्या पिशव्या घातलेल्या थंड बॅगेत चोवीस तास, म्हणजे ऑफिस ते घर निर्धास्त. गोठवलेलं दूध फ्रिजमध्ये वितळलं की चोवीस तासांत संपवायचं, पुन्हा गोठवायचं नाही. बाळाने उष्टं केलेलं दोन तासांत संपवा किंवा टाका. गरम पाण्याच्या वाटीत ठेवून कोमट करा, मायक्रोवेव्हमध्ये नको, त्यात मध्येच चटका देणारे भाग राहतात. प्रत्येक डब्यावर तारीख, जुनं आधी.

पाजायचं कशाने? वाटी-चमचा, नाहीतर आजीचं बोंडलं, म्हणजे चोच असलेली छोटी वाटी. बाटलीपेक्षा स्वच्छ ठेवायला सोपं, आणि बाळ बाटलीला लागून अंगावर प्यायचं कमी करत नाही. पहिल्यांदा पाजायला तुम्ही बसू नका. आईच्या अंगाचा वास असताना बाळ वाटीला तोंड लावत नाही. बाबाला बसवा, तुम्ही खाली भाजी आणायला जा.

ऑफिसात साधारण दर तीन तासांनी दूध काढा. चुकलं की छाती दगडासारखी होते, कपडे भिजतात. गडद नक्षीचे कपडे आणि एक जादा ओढणी ड्रॉवरमध्ये ठेवा. छातीचा एखादा भाग लाल, गरम होऊन ताप आला तर घरगुती उपायांत दिवस घालवू नका, डॉक्टरांकडे जा.

याच दरम्यान, खंड पडलेल्यांनी: उजळणी

मी नोकरी सोडली तेव्हा व्हॅट होता, परत आले तेव्हा जीएसटी. १ जुलै २०१७ ला तो लागू झाला त्या दिवशी मी धाकटीला नाचणीचं सत्त्व भरवत होते. मला वाटलं, संपलं, आपलं शिक्षण रद्दीत गेलं. प्रत्यक्षात काय झालं, तर सोसायटीतल्या एका छोट्या व्यापाऱ्याचे हिशेब मी सहा महिने जवळपास फुकट लिहिले. रात्री मुलं झोपल्यावर तासभर. त्याची विवरणपत्रं भरता भरता हात बसला, आणि मुलाखतीत सांगायला ताजं काम मिळालं. पाच प्रमाणपत्रांपेक्षा एक खरं काम जास्त उपयोगी पडतं, हे माझं ठाम मत आहे. शिक्षिकांनी शेजारची चार मुलं शिकवावीत, परिचारिकांनी जवळच्या दवाखान्यात आठवड्यातून दोन दिवस जावं.

अर्जात खंडाबद्दल एक ओळ पुरे: "जानेवारी २०१७ ते जून २०१९, मुलांच्या संगोपनासाठी विराम, या काळात एका किराणा व्यापाऱ्याचे जीएसटी हिशेब." त्याहून जास्त खुलासा करू नका, माफी तर नकोच. "घर सांभाळताना वेळेचं व्यवस्थापन शिकले" वगैरे वाक्यं मुलाखत घेणाऱ्याला पाठ असतात.

मुलाखतीत ते विचारणारच: "मुलं लहान आहेत, जमेल का?" यावर चिडून उपयोग नसतो, लाजून तर नाहीच. मी म्हटलं होतं, "सकाळी साडेआठ ते संध्याकाळी साडेसातची सोय झाली आहे. मूल आजारी पडलं तर कोण थांबणार तेही ठरलं आहे. महिनाअखेर मला उशिरा थांबता येईल, फक्त दोन दिवस आधी कळवा." समोरचे गृहस्थ गप्प झाले आणि कामाचं विचारू लागले. मंगळवारची सोय आधी करून ठेवल्याचा हा पहिला फायदा.

पगाराचं बोलताना जुना आकडा सांगू नका. अडीच वर्षांत बाजारभाव बदललेला असतो, तो आधी दोघी-तिघींना फोन करून विचारा. जुन्या सहकाऱ्यांना फोन करायला आपल्याला अवघडल्यासारखं होतं, पण माझी नोकरी तशाच एका फोनमधून मिळाली. मोठ्या कंपन्यांत खंडानंतर परतणाऱ्या बायकांसाठी वेगळ्या योजना असतात. टाटा समूहाने २००८ मध्ये अशी एक सुरू केली, नंतर इतरांनीही केल्या. त्यांच्या संकेतस्थळांवर बघत राहा.

तिसरा आठवडा: घरकामाची वाटणी

"मदत" हा शब्द घरातून काढून टाका. मदत करणाऱ्याला दरवेळी काम सांगावं लागतं, आणि ते सांगणं हेच मोठं काम असतं. त्यापेक्षा कामं आख्खी देऊन टाका. आमच्याकडे दूध, भाजी, किराणा आणि मुलांचं लसीकरण नवऱ्याकडे आलं. लसीकरण म्हणजे नुसतं टोचून आणणं नव्हे. कार्ड कुठे आहे, पुढची तारीख कधी, दुसऱ्या दिवशी ताप आला तर काय, सगळं. सुरुवातीला तो कोथिंबिरीऐवजी शेपू आणायचा. खाल्ला शेपू! त्याच्या हातून काम काढून घेतलं असतं तर ते कायमचं माझ्याकडे आलं असतं.

स्वयंपाकाला रविवारचा दीड तास द्या. ओलं खोबरं-लसणीचं वाटण, दाण्याचं कूट, मोड आणायला भिजवलेली दोन कडधान्यं, चिरून ठेवलेली गवार-फरसबी. कणीक रात्री मळून फ्रिजमध्ये. पोळ्यांना मावशी लावणं परवडत असेल तर लावा, त्यात कमीपणा नाही. रात्री आठवड्यातून दोनदा मुगाची खिचडी, आणि त्याबद्दल कुणी काही बोलायचं नाही, असा ठराव करून घ्या.

दुसरा आठवडा: रंगीत तालीम

नाटकवाले प्रयोगाआधी करतात तशीच. सलग पाच दिवस, खऱ्या वेळा. साडेपाचचा गजर, डबे, मुलाचं आवरणं, पाळणाघर, स्टेशन. लोकल पकडून खरोखर ऑफिसच्या दारापर्यंत जा आणि परत या. आम्हाला पहिल्याच दिवशी कळलं की पाळणाघर ते प्लॅटफॉर्म हे अंतर मी आठ मिनिटं धरलं होतं, कडेवर मूल आणि पाठीवर दोन पिशव्या असताना ते सतरा मिनिटांचं आहे. माझी ८.१२ ची गाडी कागदावरच राहिली. मग पाळणाघरात सोडायचं काम नवऱ्याकडे गेलं आणि आणायचं माझ्याकडे आलं.

पाचातला एक दिवस बाबा आणि मूल, सकाळ ते रात्र, तुम्ही घरात नाही. फोन फक्त आग लागली तर.

आणि तालमीतच तो मंगळवार बसवा. फ्रिजवर एक कागद लावा, तीन नावांचा. आमच्या कागदावर होतं: "१. ज्याचं त्या दिवशीचं काम पुढे ढकलता येईल तो. दोघांचंही ढकलता येत नसेल तर आलटून पालटून, मागच्या वेळी कोण थांबलं ते इथेच लिहायचं. २. कल्याणच्या आत्या, आदल्या रात्री दहापर्यंत कळवल्यास. ३. समोरच्या वहिनी, फक्त दुपारपर्यंत." खाली बालरोगतज्ज्ञांचा नंबर आणि मुलाच्या वजनानुसार तापाच्या औषधाचा त्यांनीच लिहून दिलेला डोस. दर तीन महिन्यांनी वजन वाढतं, तेव्हा डोसही पुन्हा विचारून घ्या. पाळणाघरात नव्याने जाणाऱ्या मुलाला पहिले काही महिने सर्दी-खोकला-ताप सारखे होतात. म्हणून पहिल्या सहा महिन्यांत लग्नामुंजींसाठी रजा वाया घालवू नका, साठवा.

रुजू होताना

शक्य असेल तर बुधवारी नाहीतर गुरुवारी रुजू व्हा. पहिला आठवडा दोन-तीन दिवसांचाच राहतो आणि शनिवार-रविवारी काय चुकलं ते सुधारता येतं. घरी फोन ठरलेल्या वेळी, दोनदाच. सतत केला तर आजी वैतागते आणि मूल तुमचा आवाज ऐकून रडतं. निघायची वेळ सकाळीच सांगून टाका, "मी सहाला निघते, काही तातडीचं असेल तर चारपर्यंत द्या." सहा वाजता पर्स उचलून चोरासारखं निघण्यापेक्षा हे बरं.

संध्याकाळी तुम्हाला बघून मूल भोकाड पसरेल. दिवसभर शहाण्यासारखं होतं असं काकू सांगतील आणि तुम्हाला वाटेल, आपल्यावर राग आहे. तसं नसतं. दिवसभर धरून ठेवलेलं रडू ते हक्काच्या माणसापाशी सोडतं. घरी आल्यावर पहिली वीस मिनिटं चहा नाही, स्वयंपाक नाही, मोबाइल नाही, नुसतं मुलाला घेऊन जमिनीवर बसा. भाकरी वीस मिनिटं उशिरा झाली तरी चालते.

तीन महिन्यांनी पुन्हा वही काढा. झोप किती मिळतेय, रजा किती खर्च झाल्या आणि त्यातल्या कुणाच्या किती, मुलाचं वजन, तुमचं वजन, उरणारे पैसे. माझ्या पहिल्या तीन महिन्यांत कागदावर सात दिवसांची नोंद होती, त्यातले पाच माझे. आम्ही वाद घातला, नवऱ्याने त्याच्या साहेबांशी बोलून पुढच्या तीन पाळ्या स्वतःकडे घेतल्या. तीन महिन्यांनीही रोज सकाळी पोटात गोळा येत असेल, तर कामाचे तास, पाळणाघर किंवा नोकरी यातलं एक बदलून बघा, तिन्ही एकदम नको.

तो कागद अजून आमच्या फ्रिजवर आहे, तेलकट झालेला. आत्या आता थकल्या, त्यांचं नाव खोडलं आहे. तिथे मोठ्या मुलाने स्वतःच्या अक्षरात त्याचं नाव लिहिलंय आणि पुढे कंसात: परीक्षा सोडून.